दुसरा सीझन

माहुल, सातवा मजला. लिफ्ट बंद,
म्हणून शेवाळ्यांचा धाकटा धापा टाकतच मत देतो:
पहिला भारी होता, ह्यात नुसतं बोलतात.

नाइट शिफ्टचा आग्नेल म्हणतो,
व्हिलन मवाळ केलाय.
हवेचं रेशन वाढवून देतो काय,
माफी मागतो काय!

इंदुताई लसूण सोलत बघतायत.
त्यांचं निराळंच:
एवढं शहर दाखवलं, शंभर मजली,
कुठे एक दोरी नाही
दोरीवर परकर नाही.
माणसं राहतात म्हणता ना?
मग धुणं कुठे वाळतं त्यांचं?

रिफायनरीकडून वास आला.
आग्नेलनं स्क्रीनवरची नजर न काढता
हात लांबवून खिडकी लोटली.
लाव रे पुढचा.

इंदुताई तेवढ्यात उठल्या,
काजळी बसायच्या आत
कपडे काढायला.