आवाज नसलेली वायर

दर अकरा सेकंदांनी एक टिचकी.
तिळाएवढी. पण तीळ दाताखाली आला
की जेवण थांबतं.

आधी संशय घुमटावर.
माशेलात या दिवसांत कातडं सैल पडतं,
रोहिदासने शेगडीवर शेकून आणलं,
अंगठ्याने दाबून बघितलं, मान हलवली.
टिचकी तशीच.
पंखा बंद केला. मग आतला फ्रीज.
वहिनींनी खतखत्याचं पातेलं उचललं
आणि काही न बोलता शेजारी नेऊन ठेवलं.
केबल बदलल्या, हेडफोन बदलले,
देवाच्या खोलीतली दिव्यांची माळसुद्धा काढली.
घामाघूम सात माणसं
आणि सगळे माझ्याकडे बघताहेत,
मीच खोकले असल्यासारखे.

मग बघितलं.
दोन पेट्या: एक माझी,
एक वास्कोच्या आलेशकडून उसनी आणलेली.
दोन्हींच्या छोट्या पडद्यांवर एकच शब्द, इंटर्नल.
म्हणजे ज्याचं त्याचं खरं.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.
दोघीही सेकंदाच्या अठ्ठेचाळीस हजार चकत्या करत होत्या,
पण आलेशच्या पेटीची विळी
माझ्या पेटीहून केसभर तेज.
अकरा सेकंदांत तिची एक चकती जास्त होते.
पुढ्यात ताट नाही.
ती खाली पडते.
तोच आवाज.

आलेशच्या पिशवीत तळाशी एक बारीक वायर होती.
माझ्या पेटीतून त्याच्या पेटीत.
टोकाला पंचाहत्तर ओहमचं टोपण,
नाहीतर सिग्नल शेवटाला आपटून मागे फिरतो
आणि एकाच क्षणी दोनदा आता होतं.
त्याची पेटी एक्स्टर्नल केली.
तिचा हिरवा दिवा जरा अडखळला,
मग लागून राहिला.

पुर्सो शामेळ मांडीवर घेऊन बसले होते.
"ह्या वायरींतल्यान कितें वता? म्हजो आवाज?"
नाही म्हटलं. आवाज कुणाचाच नाही.
नुसतं आता, आता, आता.
ते हसले, "म्हणजे आमचो वैकुंठ!"
कोपऱ्यात वैकुंठ कासाळं घेऊन बसलेला,
ज्याला आरतीची एक ओळ सुरात म्हणता येत नाही,
ज्याला चाळीस वर्षं कुणी म्हणायला सांगितलेलीही नाही,
आणि जो तापाने पडला त्या चवथीला
तिसऱ्या कडव्यात सगळे सांडले होते.
वैकुंठने ऐकलं नसावं.
तो झांजेची दोरी आवळत होता.

अकरा सेकंद. बावीस. एक मिनिट.
काही नाही.
मी हात वर केला, चला.

पण नारळाला टेकवून फोन ठेवलेला होता.
फोनमध्ये दत्तेश, पुर्सोंचा मुलगा,
स्विंडनमध्ये, रात्रपाळीआधी, जॅकेट घालूनच.
सामानातून नेलेलं घुमट मांडीवर.
तो आम्हाला ऐकतो आणि वाजवतो,
त्याच्या खोलीत तो अगदी तालात आहे.
इथे पोचेपर्यंत
आम्ही पुढे गेलेले असतो.
त्याला कुठली वायर जोडू?
मी म्हटलं, काका, हा सगळ्यांना पाडेल.
पुर्सोंनी फोनकडे बघितलं नाही.
"ताका बंद करूं नाका."

मग सगळ्यांच्या कानांतून त्याला काढला
आणि सोळाव्या ट्रॅकवर एकटा ठेवला.
मला वाटतं पुर्सोंना ते कळलं.

रात्री घरी तो ट्रॅक उघडला.
माऊसने धरून डावीकडे सरकवत नेला,
पहिल्या कडव्याला जुळला,
दुसऱ्याच्या मध्यावर सुटला.
परत धरला. परत सुटला.
समुद्राखालून येणारा वेळ
दर वेळी वेगळ्या वाटेने येतो.
पहाटे तीनला नाद सोडला,
जिथे पडला होता तिथेच ठेवला.

शेवटची आरती संपते.
सगळे एकदम थांबतात, सुरीने कापल्यासारखे.
कुणाची तरी बांगडी वाजते.
आणि त्यानंतर
एक घुमट अजून वाजतं, लांबून,
दोन ठोके.

ते मी काढलेले नाहीत.