चुकार ओंडका

ओउलूचं इस्पितळ. सकाळचे नऊ, बाहेर अजून अंधार.
मी दोन नळ्या भरून रक्त घेते.
तैस्तो बाही खाली ओढत विचारतो,
"गाठ मानेत आहे पोरी, मग दंडातून कशाला?"

मी सांगते: पेशी मरतात, फुटतात,
त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात वाहत येतात,
तासा-दोन तासांत विरतात.
निरोगी पेशींचेही असतात, ढिगाने.
आम्ही वेचतो ते फक्त गाठीची खूण असलेले.
किती सापडले, त्यावरून पुढचा अंदाज.

तो हसतो. या महिन्यात पहिल्यांदाच.
"म्हणजे माझंच काम."

अठराव्या वर्षी केमी नदीच्या मुखाशी
लांब आकडी घेऊन तो उभा असे.
वरून सोडलेले ओंडके येत,
प्रत्येकाच्या टोकाला मालकाची खूण ठोकलेली:
तीन रेघा, कोंबड्याचा पाय.
ते रान त्याने कधी पाहिलं नाही,
पण मोजता मोजता कळायचं
वर कुणाची कुऱ्हाड किती चाललीय.
(त्याच कामात डाव्या करंगळीचं एक पेर गेलं.)

औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा नळ्या.
तीनशे तुकड्यांमागे एक उरलाय.
डॉक्टर म्हणतात, चांगलं लक्षण.
लक्षण. वचन नव्हे.

तैस्तो मान डोलावतो.
शेवटच्या हंगामात नदी रिकामी झाली
तरी ते आठवडाभर काठावर थांबले होते,
आकड्या हातात,
वरच्या कुठल्याशा वळणावर
एखादा अडकला असेल म्हणून.