उतारा

एकतीस वर्षं मी टॉवेलला लेबल शिवलं.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर तीन.
काठापासून दोन बोटं आत,
चार टाके, दोरा तोड, पुढचा घे.
लेबल उलटं लागलं तर रुपया कापायचे,
म्हणून चित्रातली बादली तेवढी बघायचे,
सांडायला नको.
खालच्या ओळींशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

एकदा मादगुंडी सुपरवायझरनं मोठ्यानं वाचली:
डू नॉट रिंग.
मला वाटलं, घंटा वाजवू नका.
असेल बाई.
साहेबाच्या देशात टॉवेलला घंटाही असेल.

आता गुडघे गेले. शेडमध्ये लग्नाचं सामान ठेवतात.
मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी शिवून
वही केलीय.
रोज पाच शब्द.
नळाला पाणी येतं त्या दिवशी तीन.

चुलीपाशी तेलुगू, शेडमध्ये मराठी,
भाजीवालीशी कानडी, शेजारच्या शमशादशी दखनी.
या चौघींनी मला कधी स्पेलिंग विचारलं नाही.
पाचवी आली ती मुकी अक्षरं घेऊन.
लिहायची, पण बोलायची नाहीत.
भार्गवी सांगते, सायलेंट.
मी म्हटलं, कळलं गं,
पगाराच्या रांगेत आम्ही अशाच उभ्या असायचो,
हजेरीत होतो, उच्चारात नव्हतो.

भार्गवी चिल्का, वय तेरा, माझी बाई.
लाल पेन कानावर.
गुरुवारी तिनं डिक्शनरीत आरमध्ये शोधलं,
अंगठी निघाली, घंटा निघाली.
मी घरातला डागी टॉवेल आणला, लेबल दाखवलं.
आजी, याच्या पुढं डब्ल्यू आहे की!
डब्ल्यूत निघाला तो.
पिळणे.
पिळू नका.
बराच वेळ टॉवेल मांडीवर तसाच राहिला.

त्याखालची ओळ तिलाही येईना, टम्बल ड्राय.
कपडे सुकवायचं यंत्र असतं म्हणे.
दारात चव्वेचाळीस डिग्री,
दोरीवर टाकून वळेस्तोवर टॉवेल कडक.
आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग ती म्हणाली, आता उतारा.
मला आधी चौकातलं लिंबू आठवलं,
दहीभात, हळदकुंकू, ओलांडू नको म्हणणारी आई.
मग घरकुलाचा उतारा,
त्याच्यासाठी ऑफिसात घातलेल्या सात खेपा.
हा तिसरा, उतारवयातला.
उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.
नियम एकच, आजी.
उत्तर उताऱ्यातच असतं. बाहेरचं लिहायचं नाही.

उताऱ्यात मार्था नावाची बाई होती.
स्टेशनबाहेर सूप विकायची.
एक दिवस लवकर दुकान बंद करून घरी गेली.
प्रश्न तिसरा: का?
मी दोन दिवस घेतले. अकरा शब्द शोधले.
लिहिलं: तिचे गुडघे दुखत होते.

भार्गवीनं लाल काट मारली.
बर्फ पडत होता, आजी. दुसरी ओळ बघा.
बघितली. होता खरा बर्फ.
मी सातव्या ओळीवर बोट ठेवलं.
वाच.
ती वाचत गेली, तोंडातल्या तोंडात मराठी करत:
भिंतीला... हात लावत लावत... ती घरी गेली.
बर्फाला कोण भिंत धरतं गं?
बर्फात घसरतं माणूस, ती म्हणाली.
मग गप्प झाली.
तिची आई अजून विड्या वळते,
उठताना काय धरते ते तिनं रोज बघितलंय.

पेन कानावरून काढलं, परत ठेवलं.
दप्तरातून पेन्सिल शोधली
आणि काटेच्या बाजूला बारीक लिहिलं:
अर्धा मार्क.

मी तारीख घातली.
उद्या पाणी आहे.
तीनच शब्द.