न चा पाय

मोहाडी फाट्याच्या पुढे नवं लोखंडी गेट,
दोन कवाडं, मधोमध बोटभर फट.
मालक म्हणाले, पेंटर, अक्षरं मराठी,
शब्द मात्र इंग्रजीच राहू द्या.
चिठ्ठीवर त्यांची आठ अक्षरं होती.
मी मोजून वाटणी केली, चार इकडे चार तिकडे,
खडूने आखलं: वाइन, यार्ड.
मुकादम म्हणाला, एसटीचं का हो?

संध्याकाळी शरणपूर गाठलं.
एस्तेर साळवे बाई. सातवीत मला बावीस मार्क दिले होते,
ते त्यांनी आधी आठवले, मग चहा ठेवला.
म्हणाल्या, हनुवटीखाली पंजा धर.
जबडा जितक्यांदा टेकेल तितके तुकडे.
विन्.
यर्ड.
दोनदा टेकला.
वाइन नाही रे उत्तमा,
बाटलीत लांबते, बागेत आखडते.
जोर सगळा पहिल्यावर द्यायचा,
दुसरा नुसता सोडायचा, चप्पल सोडतो तसा.

मग चष्मा पुसत सांगितलं,
पहिला तुकडा रोमचा, फ्रान्सवरून आला,
वाटेत त्याचं शेपूट झडलं.
दुसरा तिथल्याच मातीतला. कुंपण, आवार असा अर्थ.
म्हणजे एक पाहुणा, एक गाववाला, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, हे तेव्हा उत्तरपत्रिकेत का नाही लिहिलंस?

माझी अडचण वेगळीच होती.
न्य बरोबर फटीवर येतो,
गेट उघडलं की जोडाक्षर उलतं.
मग न चा पाय मोड.
बाई, उद्घाटन आहे. गेटवर लंगडं अक्षर?
त्यांनी कपात पाहिलं.
आमच्या देवळात लहानपणापासून ऐकते,
द्राक्षमळा.
तो कुठून आला हे विचारायला
कोणी येत नाही.

पाय मोडला मी. पांढऱ्या ऑइलपेंटने,
बारीक ब्रशने, तिरका.

सकाळी सातला पेठची जीप आली.
कवाडं उघडली, विन् डावीकडे गेला, यर्ड उजवीकडे,
आणि मधून विरळणीच्या बाया
कात्र्या, डबे, डोक्याला रुमाल,
मळ्यात चाललो गं, म्हणत आत.
मागे राहिलेली एक पोर, पहिलीतली असेल,
न पाशी थांबली.
याला काय लागलं?
बोट लावलं. रंग ओला होता.
पाय जरा लांबला,
तिचं बोट पांढरं झालं.
टर्पेंटाइनचा डबा हाताशीच होता.
मी ब्रश धुतला.