अडीच लिटर

बार्शीच्या दवाखान्यात बाईंनी कागदावर लिहून दिलं:
दिवसाला अडीच लिटर.
मी म्हटलं, बाई, आमच्या सोलापुरात नळ पाच दिवसांनी येतो.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मग तिचं पाणी वेगळं भरा.
उकळून, गार करून, झाकून.

तेव्हापासून मोठी कळशी नरसव्वाची.
पोरं हात लावत नाहीत, देवाची असल्यागत.

तीस वर्षं तिनं विड्या वळल्या,
दिवसाला हजार, सूप मांडीवर,
बोटं न बघता चालायची.
आता मी तिला घोट मोजायला लावतो.
स्टीलचा पेला नको म्हणते,
लोखंड चाटल्यागत लागतंय.
म्हणून लोणच्याची काचेची बरणी घासून घेतली,
पोरीच्या नेलपॉलिशनं बाहेरून रेघा मारल्या:
ही दहाची, ही जेवणाआधीची, ही चारची.
"कारखान्याला माल द्यायचाय काय?"
म्हणाली, आणि मुद्दाम एक घोट कमी प्यायली.

मला माग ठाऊक.
धागा तुटला की आवाजावरनं कळतं,
चार साचे चालू असले तरी.
हिच्या तोंडातला कुठला धागा तुटलाय
ते कसं ऐकावं?

वरणाचा वास आला की ती भिंतीकडं वळते.
म्हणून कुकर हुसेनबीच्या ओट्यावर चढतो.
शिट्ट्या तिकडं होतात,
भात इकडं येतो, वास तिथंच ठेवून.
ताटभर वाढायचं नाही, हे शिकलो.
दोन तासांनी वाटी. मुगाचं कढण.
ज्वारीची पातळ आंबील.
उकडलेलं अंडं अर्धं तिला, अर्धं मला,
माझ्याकडं नुसतं बघत बसू नये म्हणून.
आणि ती कडक भाकरी,
मोडली तर शेजारी ऐकू जायची,
आता दुधात बुडून गप्प पडते.

तिसऱ्या डोसानंतर पोटात काही ठरेना.
वर पत्रा तडतडत होता, मे महिना.
मीठ-साखरेचं पाणी, प्लास्टिकचा चमचा,
पाच मिनिटाला एक.
मी घड्याळ बघायचो, ती मला.
ग्लानीत मराठी विसरायची,
"नीळ्ळु" म्हणायची, तिच्या आईसारखं.
शुद्धीत आली तेव्हा म्हणाली,
"लग्नापासनं इतका वेळ कधी बसला नव्हता जवळ."
मी चमचा पुढं केला.
दुसरं काय करणार?

रात्री अडीचला नळ खाकरला.
अख्खी गल्ली उठली, घागरी, पाइप, शिव्या.
हुसेनबीनं तिची घागर पायानं बाजूला सारली,
"पहिलं आपाचं भर."
त्या रात्री कुणी भांडलं नाही, असं नाही.
भांडले. पण आमच्या कळशीनंतर.

काल नरसव्वा म्हणाली, शेंगाची चटणी.
तोंडात अजून फोड.
मी दाणे भाजले, उखळात घातले,
तेल सुटेपर्यंत कुटले. मिरची नाही.
दह्यात कालवून बोटभर दिली.
तिनं जिभेवर ठेवली. डोळे मिटले.
"ही चटणी नव्हं. उपासाचं कूट हाय.
मिरची कुठंय?"
आवाज चढला होता, महिन्यात पहिल्यांदा.
"फोड भरू दे. मग."
"लिहून द्या."

पेन शोधायला आत गेलो.
परत आलो तर वाटी रिकामी,
आणि ती उंबऱ्याशी वाकलेली,
चारच्या रेघेचं पाणी
तेलाच्या डब्यातल्या कढीपत्त्याला घालत होती.
चोरून.

तेव्हा कळलं,
असल्या उन्हात तो इतका हिरवा कसा.

मी बघितलं नाही असं केलं.
बरणी परत भरली.