खालची टाकी

सातपूरच्या काचवाल्याकडून
पाच एमएमचे उरलेसुरले तुकडे आणले.
सिलिकॉनचा आंबूस वास
तीन दिवस घरभर.
कुंदा म्हणाली, चायनीजची गाडी लावतोयस का?

पहिल्या कप्प्यात रेवतीचा दहावीतला मोजा, गाळायला.
दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या.
तिसऱ्यात कूलरचा पंप.

रात्री दोनला लाईट गेली.
पंप थांबला
आणि गंगापूर धरणाचं वर चढवलेलं पाणी
त्याच पाइपातून उलटं उतरू लागलं.
मी टॉर्च घेऊन फरशीवर पालथा,
कुंदा काठ मोजतेय –
चार बोटं. तीन.
दोन.
वर पाइपाच्या भोकानं हवा ओढली,
गुरगुर,
थांबलं.

एंजल मासे अंधारात जागेच.

एवढी जागा मुद्दाम रिकामी ठेवली होतीस?
हो, म्हणालो.
मोजा अजून ठिबकत होता.