समकक्ष विषय आढळला नाही

डुलूथच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
इंग्रिड हॉल्वरसन गुणपत्रकं जुळवते.
वाल्पाराइसोहून परतलेल्या मुलीचे
क्रेडिट सोळा, भरले अकरा.
'भूकंपशास्त्र, प्रात्यक्षिक':
असा विषयच नाही इथे.

मुलगी हुज्जत घालत नाही.
एवढंच सांगते, की परीक्षेच्या आदल्या रात्री
घर हललं, तेव्हा घरमालकीण
काचेचं कपाट कवटाळून उभी होती,
आणि मी तिला.

इंग्रिड शिक्का उचलते. खाली ठेवते.
खिडकीबाहेर बंदर गोठलंय,
जहाजं जागच्या जागी.
पेन्सिलीनं ती चौकटीत लिहिते:
ऐच्छिक, तीन.
उरलेले दोन बुडीत खाती.

मग खोडरबर शोधत बसते,
बराच वेळ,
जिथे तो कधीच नसतो
त्या खणात.